टाचांच्या भेगा: मलमाआधी घट्टा उतरवा

निफाडचा पारा ५-६ अंशांवर आला की द्राक्षबागेत राबणाऱ्या बायकांच्या टाचा अशा उलतात की पाय भुईवर टेकवत नाही. मग मेडिकलमधून एक ट्यूब येते, ती संपली की दुसऱ्या नावाची. तळपायाला तेलग्रंथी नसतात. तिथली कातडी सुकते, जाड होते आणि अंगाचा भार पडला की चिरते. त्या जाड घट्ट्यावर कितीही मलम थापलं तरी ते वरच राहतं, निम्मं चादरीला लागतं.

आधी उजेडात टाच बघा. भेगेतून रक्त येत असेल तर ती जखम समजा आणि चार-पाच दिवस घासणं विसरा. साबण-पाण्याने धुवा, टिपून कोरडी करा, साधी पेट्रोलियम जेली भरा, वर गॉज आणि कागदी चिकटपट्टी. पोव्हिडोन आयोडीन पहिल्या दिवशी एकदा लावलं तर पुरे. हळद-चुना, मेणबत्तीचं मेण, पाणी न घालता ओतलेलं डेटॉल यांतलं काहीही त्या फटीत घालू नका. कच्चं डेटॉल नवी येणारी कातडीसुद्धा जाळतं. बागेत शेणखतात, मातीत पाय असतो, म्हणून धनुर्वाताची लस घेऊन पाच वर्षं उलटली असतील तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन ती घ्या.

रक्त थांबलं, चीर मिटली, की कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं पाय बुडवा. कढत पाणी नको, सोडा नको.

आता घट्टा उतरवणं. सगळं इथेच बिघडतं आणि मलाही हे हाताला बसायला फार वेळ लागला. भिजलेली कातडी पांढरी, फुगलेली दिसते आणि किती काढायची याचा अंदाजच येत नाही. हाताखाली मऊ लागतं म्हणून माणूस घासत सुटतो, आणि पाय वाळल्यावर कळतं की आतली जिवंत कातडी सोलली. म्हणून पाय पाण्यातून काढल्याबरोबर घासू नका. टिपून घ्या, दोन-तीन मिनिटं थांबा, पांढरेपणा जरा उतरू द्या. मग वज्री किंवा प्युमिसचा दगड भेगेच्या लांबीच्या दिशेने, एकाच बाजूला, हलक्या हाताने ओढा. आडवा ओढलात तर काठ फाकतात आणि भेग पुन्हा उघडते. लक्ष भेगेच्या दोन्ही काठांवर ठेवा. काठ ताठ आणि उंच राहिले तर भेग मिटतच नाही, प्रत्येक पावलाला ताणली जाते. दर चार-पाच ओढींनंतर अंगठा फिरवून बघा. गुलाबी दिसलं किंवा हाताला गरम लागलं की त्याच क्षणी थांबा, घट्टा उरला असला तरी. आठवड्यातून दोनदाच. वर्षभरात साचलेलं एका रविवारी निघत नाही. आणि ब्लेड? कधीच नाही. न्हाव्याचा नाही, पार्लरमधल्या किसणीचा तर मुळीच नाही.

घासून झालं की पाय किंचित ओलसर असतानाच मलम लावा. इथे ट्यूबवरचं नाव सोडा, मागची बारीक अक्षरं वाचा. युरिया २० ते २५ टक्के असेल तर घट्ट्यासाठी ती माझी पहिली पसंती. ती पाणी धरते आणि कडक थर सैल करते. सॅलिसिलिक ॲसिड ६ टक्के असेल तर फक्त कडक काठावर, उघड्या भेगेत नाही, आणि लहान मुलांना नाही. कुरूपावर चिकटवायच्या टोपीत हेच ॲसिड बहुधा ४० टक्के असतं, ती टाचेला लावायची नाही. बोरोलीन १९२९ पासून घराघरांत आहे, कैलास जीवन तर मराठी घरात असतंच, कोकम तेलाचा गोळा आजीच्या डब्यात सापडतो. तिन्ही टाच मऊ ठेवायला छान, पण घट्टा उतरवायचं काम त्यांचं नाही. वर पेट्रोलियम जेलीचा हात फिरवा, सुती मोजे घाला, झोपा.

पाकिटाच्या कडेला उभी लाल रेघ आणि घटकांत क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन ही स्टिरॉइडं दिसली तर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते घेऊ नका, दुकानदाराने कितीही आग्रह केला तरी. खाज एका रात्रीत जाते, खाली बुरशी असेल तर ती मात्र पसरते. पावसाळ्यातल्या बोटांमधल्या चिखल्यांना क्लोट्रिमाझोल १ टक्का लावा, बोटांमधली जागा कोरडी ठेवा आणि बरं दिसल्यावरही दोन आठवडे लावत राहा.

मधुमेह असेल, पायाला मुंग्या येत असतील किंवा बधिरपणा असेल तर यातलं ॲसिड आणि घासणं घरी करायचं नाही. टोचलेलं कळत नाही आणि बारीक चीर पाय घालवू शकते. थेट डॉक्टरांना दाखवा. लाली घोट्याकडे चढत असेल, पू किंवा ताप असेल तर कोणीही थांबू नये.

श्रावणात ब्रह्मगिरीच्या फेरीला अनवाणी जाणार असाल तर आधीचे आठ-दहा दिवस घासणं बंद ठेवा, युरियाही नको. फक्त कोकम तेल चोळा. पातळ केलेल्या टाचेला त्र्यंबकच्या त्या खडकाळ वाटेवर फोड येतात.