पॉवर क्वेरीत रोजचा (rows, म्हणजे ओळींचा) आकडा जुळत नाही? हे बघा

एक्सेलच्या पॉवर क्वेरीत (बाहेरचा डेटा आणून साफ करायचं साधन) एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसचं टेबल उघडलं की खाली '999+ रोज' दिसतं, लोड केलं की आकडा लाखात जातो आणि माणूस घाबरतो. बिघडलेलं काही नसतं, प्रिव्ह्यू मुळात पहिल्या 1000 रोजचाच असतो, त्याच्याशी लोड जुळवत बसू नका. ट्रान्सफॉर्म टॅबमधलं काउंट रोज दाबा, आकडा लिहून घ्या आणि ती स्टेप डिलीट करा, नाहीतर शीटवर तेवढा एकच आकडा उतरेल. मग डेटाबेसवर काउंट स्टार, म्हणजे ओळी मोजणारी COUNT(*) क्वेरी चालवा आणि दोन्ही आकडे ताडून बघा.

प्रिव्ह्यू जुना वाटला तर रिफ्रेश प्रिव्ह्यू. शीटवर हेडर धरून 10,48,576 च्या वर रोज मावत नाहीत, जास्त असतील तर डेटा मॉडेलमध्ये (शीटबाहेरची, त्याच फाइलमधली साठवण) टाका. लोडनंतर एरर्स दिसल्या तरी रोज गळत नाहीत, तो सेल रिकामा येतो फक्त.

खरी डोकेदुखी रिमूव्ह डुप्लिकेट्स आणि मर्जची (दोन टेबलं जोडणं), मीही इथे भरपूर वेळ घालवलाय. समजा एक ग्राहक कोड कॅपिटलमध्ये आहे, तोच दुसरीकडे स्मॉलमध्ये आणि तिसरीकडे शेवटी एक स्पेस. एसक्यूएल सर्व्हरच्या नेहमीच्या कोलेशनला (अक्षरांची तुलना करायचे नियम) हे तिन्ही एकच, पॉवर क्वेरीला मात्र तीन वेगळे! म्हणजे रिमूव्ह डुप्लिकेट्सची स्टेप फोल्ड होऊन, म्हणजे एसक्यूएलमध्ये बदलून सर्व्हरवर चालली तर एक रो उरते, तुमच्या मशीनवर चालली तर तीन. आणि वर मध्येच कुठेतरी इंडेक्स कॉलम टाकला, की फोल्डिंग तुटलं आणि खालच्या स्टेपचा आकडा तुम्ही तिला हात न लावता बदलला.

म्हणून प्रत्येक स्टेपवर राइट क्लिक करून व्ह्यू नेटिव्ह क्वेरी बघा, जिथे ते ग्रे होतं तिथे बहुतेक वेळा फोल्डिंग तुटलेलं असतं, त्या स्टेपच्या आधी आणि नंतर काउंट घ्या. सोर्समध्ये स्वतःची एसक्यूएल पेस्ट केली असेल तर सहसा पुढचं काहीच फोल्ड होत नाही, हे धरूनच चला.

'टेबल डॉट बफर (टेबल मेमरीत धरून ठेवणारं फंक्शन) लावा' हा सल्ला कृपा करून ऐकू नका. त्याने फोल्डिंग थांबतं, म्हणून आकडा बदलतो आणि लोकांना वाटतं झालं काम. अहो, आधीचा बरोबर की आताचा, ते कुठे कळलं? त्यापेक्षा की (key) कॉलमवर, म्हणजे ज्यावरून रोज जुळवता त्या कॉलमवर, आधी ट्रिम आणि अपरकेस लावा, मर्ज असेल तर दोन्ही टेबलांत, मग स्टेप कुठेही चालो आकडा तोच येतो.

आणि मर्ज एक्सपांड केल्यावर रोज वाढल्या तर उजव्या (जोडलेल्या दुसऱ्या) टेबलात तीच की (key) रिपीट झालीये, ग्रुप बाय करून बघा.