जोडीदाराशिवायची पहिली दिवाळी: आधी काय काय करून ठेवायचं

आधी वाटी शोधा. बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल. वाटी म्हणजे फराळाचं माप घ्यायची ती स्टीलची वाटी, बहुतेक एका बाजूला पोचा आलेली, कायम पिठाच्या नाहीतर साखरेच्या डब्यात पडलेली. फराळाच्या कृतींच्या वहीत ‘४ वाट्या भाजणी’ लिहिलंय ते त्या वाटीने. वाटी गेली की वही नुसती वाचता येते, तिच्यावरून काही करता येत नाही. माझ्याकडून हीच बाजूला काढायची राहिली आणि भांड्यांबरोबर मोडीत गेली, म्हणून ही यादी.

ती जाते कधी, तर तेराव्यानंतरच्या आवराआवरीत. जमलेली माणसं मायेने स्वयंपाकघर आवरायला घेतात. जोडी नसलेली भांडी एका पिशवीत जातात आणि पिशवी दाराशी येते. मुंबईत भंगारवाला दारावर येतोच. दिवाळी तेव्हा कितीतरी लांब असते, त्यामुळे कुणाच्या ध्यानात येत नाही. म्हणून घरात स्पष्ट सांगून ठेवा: वर्षश्राद्ध होईपर्यंत स्वयंपाकघरातली एकही वस्तू बाहेर जाणार नाही. ज्यांना वाईट वाटेल त्यांना वाटू दे.

वाटी सापडली की लगेच तिचं माप लिहून घ्या. घरगुती वजनकाट्यावर कोरडी वाटी ठेवून काटा शून्यावर आणा. तांदूळ काठाशी सपाट भरून वजन घ्या, मग शीग लावून पुन्हा घ्या. दोन्ही आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहा. कुणी सपाट भरतं, कुणी शिगेने, आणि दहा वाट्यांच्या घाण्यात हा फरक दोन वाट्यांपर्यंत सहज जातो. पाणी भरून मिलिलिटरचा आकडाही घ्या, कारण मोहन आणि उकडीचं पाणी त्याच वाटीने मोजलेलं असतं. मोहन जास्त झालं तर चकली तेलात विरघळते, कमी पडलं तर दाताला लागते. डब्यात जो चमचा आणि जी पळी असेल तीही वाटीबरोबरच ठेवा.

आणि वाटी आधीच गेली असेल तर? वाण्याच्या जुन्या याद्या शोधा. दिवाळीची यादी किलोत असते आणि वही वाट्यांत, त्यामुळे दोन्ही शेजारी ठेवल्या की माप निघतं. त्याच संचातली दुसरी वाटी आहे का तेही बघा. आपल्याकडे लग्नात, बारशाला आलेल्या भांड्यांवर नाव आणि तारीख कोरलेली असते. काठाखाली बोट फिरवून बघा, जोडीतली वाटी तिथे ओळखू येते. शेजारी किंवा नणंदा-जावांपैकी कुणी बरोबर बसून फराळ करत असेल तर तिला आत्ताच विचारा. दिवाळीच्या आठवड्यात कुणाला वेळ नसतो.

आता वही. हात पुसून, उजेडात खिडकीशी बसून पानापानाचा फोटो काढा. फ्लॅश नको, तेलकट डागांवर चमक येते आणि अक्षर दिसत नाही. समासात लिहिलेलं, खोडलेलं, मागच्या कव्हरावरचे दुधाचे हिशेब, सगळं घ्या. लॅमिनेशन करू नका. ते परत सुटत नाही आणि उष्णतेने शाई उतरू शकते. झेरॉक्स ओट्यावर, मूळ वही कपाटात. शेंगदाण्याचं कूट, तूप असं काही लागलेलं पान असेल तर दोन्ही बाजूंनी बटर पेपर घाला, नाहीतर मुंबईच्या पावसाळ्यात पानं चिकटतात.

नवरा गेला असेल तर वाटीच्या जागी बहुधा पोटमाळ्यावरचा एक खोका असतो: कंदिलाचा होल्डर, गुंडाळलेली वायर, बांबूच्या काड्या, सुतळीचं रीळ, खिळ्यांची डबी. तो खोका भंगारात जाऊ देऊ नका. वायरचं आवरण उंदराने कुरतडलंय का ते बघून जोडणी इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. कंदील नवा हवा तर माहीमची कंदील गल्ली आहेच, पण होल्डर जुनाच लावा.

फोन. वाटीखालोखाल इथे सगळ्यात जास्त नुकसान होतं. प्रीपेड क्रमांक ९० दिवस वापरला नाही तर बंद होऊ शकतो आणि पुढे दुसऱ्या कुणाला दिला जातो. व्हॉट्सॲपचं खातं साधारण १२० दिवस निष्क्रिय राहिलं की काढून टाकतात. गुगलचं खातं दोन वर्षांनी. म्हणून रिचार्ज चालू ठेवा आणि महिन्यातून एकदा फोन चार्ज करून वाय-फायवर उघडा. पॅटर्न माहीत नसेल तर अंदाजाने प्रयत्न करत बसू नका, फोन कुलूपबंद होतो. आवाजाचे निरोप अँड्रॉइडमध्ये व्हॉट्सॲपच्या मीडियात ‘व्हॉइस नोट्स’ नावाच्या फोल्डरमध्ये असतात, आत आठवड्यागणिक छोटी फोल्डर आणि प्रत्येक फाइलच्या नावात वर्ष-महिना-दिवस. ते अख्खं फोल्डर उचलून लॅपटॉपवर आणि एका पेन ड्राइव्हवर ठेवा. ‘येताना कोथिंबीर आण’ एवढाच निरोप असला तरी तो ठेवाच. गॅसची नोंदणी त्याच क्रमांकावर असेल तर डिलिव्हरीचा कोडही त्याच क्रमांकावर येतो, तेव्हा ऐन दिवाळीत सिलिंडर अडायच्या आत नोंदणी बदलून घ्या. क्रमांक वारसाच्या नावावर करून घेता येतो. मृत्यूचा दाखला आणि ओळखपत्रं घेऊन कंपनीच्या दुकानात जा.

साड्या पाऊस पूर्ण गेल्यावरच काढायच्या. ऑक्टोबरच्या कोरड्या हवेत, सावलीत, दोन तास पसरून ठेवा. थेट उन्हाने रेशमाचा रंग उडतो. पैठणी, शालू प्लॅस्टिकमध्ये ठेवू नका. दमट हवा आत कोंडते आणि बुरशीचे ठिपके पडतात, ते निघत नाहीत. धुतलेल्या पांढऱ्या सुती कापडात गुंडाळा, जर आतल्या बाजूला ठेवा आणि दर दोन-तीन महिन्यांनी घडी बदला, नाहीतर घडीवरच रेशीम विरतं. डांबरगोळ्या जरीला लागू देऊ नका, अत्तरही नको, जर काळी पडते. एक घरातली, नेहमीची, मऊ झालेली साडी मात्र न धुता ठेवा. पूर्ण कोरडी करून वेगळ्या पिशवीत, बाकीच्यांपासून लांब, कारण अंगाचा वास राहिलेल्या कापडाला कसर लवकर लागते. वास कायमचा राहत नाही. पिशवी सारखी उघडली तर आणखी लवकर जातो. गोधडी शिवून घ्यायची तर सुती साड्याच द्या, जरीच्या टोचतात.

मंगळसूत्राच्या वाट्या सगळे सांभाळतात. लॉकरमध्ये ठेवतात, मुलीला द्यायच्या की सुनेला याची चर्चाही होते. स्टीलच्या वाटीबद्दल कुणी विचारत नाही, म्हणून परत सांगते आहे. मंगळसूत्र मोडायचं असेल तर समोर वजन करून घ्या. वाट्या बऱ्याचदा पोकळ असून आत लाख भरलेली असते, काटा दाखवतो ते सगळं सोनं नसतं. काळे मणी परत मागून घ्या. लॉकर दोघांच्या नावावर, ‘दोघांपैकी कुणीही किंवा हयात राहील तो’ असा असेल तर अडत नाही. नामांकन असेल तर कागदपत्रं पूर्ण दिल्यापासून १५ दिवसांत दावा निकाली काढायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. हे दसऱ्याच्या आत उरका, कारण लक्ष्मीपूजन आणि पाडव्याला बँका बंद असतात.

बायको आधी गेली असेल तर पितृपक्षात अविधवा नवमी येते. एक सवाष्ण जेवायला सांगायची, ओटी भरायची. त्या दिवशी घरात चार बायका असतात, वहीतलं अडलेलं त्यांना विचारून घ्या. पहिल्या वर्षी घरात फराळ करत नाहीत, तो नातेवाईक आणून देतात, असं पुष्कळ घरांत आहे. तुमच्याकडे तसं असेल तर फराळ येऊ द्या, पण त्यामुळे वाटी आणि वही पुढच्या वर्षावर ढकलू नका. तोवर वाटी राहत नाही. करणार असाल तर एकच पदार्थ करा. भाजणी गिरणीत देताना आधी गहू दळलेले नकोत एवढं सांगा. बाकीचं लालबागच्या चिवडा गल्लीतून किंवा दादरहून आणा, त्यात काही कमीपणा नाही.

पाडवा सगळ्यात जड जातो. ओवाळणारी नसेल तर मुलीने वडिलांना ओवाळायचं, ही रीत आहेच. तिला आधी सांगा, आयत्या वेळी विचारायला लावू नका. नवरा गेला असेल आणि कुणी ‘आता तू कुंकू लावायचं नाही’ म्हणू लागलं, तर शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींना तसंच करायला सांगितलं, एवढं सांगायचं आणि विषय संपवायचा.

रांगोळी, उटणं, पणत्या: जमेल तेवढं. अभ्यंगस्नानाला पहाटे कोण उठवणार ते आदल्या रात्री ठरवा, नेहमी उठवणारं माणूस आता नाही. लक्ष्मीपूजनाला फार माणसं बोलावू नका. भाऊबीजेला बाहेर जा, घरी थांबू नका.

दिवाळी झाली की डबे घासायला निघतात. तेव्हा मोरीवर स्वतः उभे राहा. वाटी, चमचा, पळी आधी बाजूला काढा, धुवा, पुसा आणि वहीजवळ कपाटात ठेवा. कामाला येणाऱ्या बाईंनाही ती वाटी एकदा दाखवून ठेवा.