जवान पोस्टिंगवर, मत गावाकडं: सैनिक मतदाराचं लोकसभेचं मतदान

लढाई थांबली म्हणून पलटण लगेच घरी येत नाही. कारगिलची लढाई २६ जुलै १९९९ ला संपली आणि लोकसभेच्या मतदानाचा पहिला टप्पा ५ सप्टेंबरला होता, मध्ये जेमतेम सहा आठवडे. तेव्हा टपाली मतपत्रिका हीच एक वाट होती. २००३ पासून प्रॉक्सीची, म्हणजे आपल्या वतीनं दुसऱ्यानं केंद्रावर मत देण्याची, सोय झाली, २०१६ पासून मतपत्रिका जवानाकडं ऑनलाइन जाऊ लागली, ती छापून, खूण करून टपालानं परत पाठवायची.

आधी नोंदणी. सेनादलातल्या जवानानं नमुना २ भरून युनिटमध्ये द्यायचा, तहसील कचेरीत नव्हे. पत्त्यात मूळ गाव आणि विधानसभा मतदारसंघ अचूक हवा. शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीचा जवान सवयीनं ‘कोल्हापूर’ लिहितो, पण शिरोळ विधानसभा लोकसभेला हातकणंगल्यात मोडते. गडहिंग्लज तालुक्यातली गावं कागल आणि चंदगड अशा दोन विधानसभांत विभागली आहेत, तिथं तर विचारूनच लिहा. नाव विधानसभेच्या यादीच्या शेवटच्या भागात येतं आणि वेगळं ओळखपत्र मिळत नाही. गावच्या सर्वसाधारण यादीत आधीचं नाव असेल तर ते काढून घ्या, दोन्हीकडं चालत नाही. पत्नी पोस्टिंगवर सोबत राहत असेल तर तिचंही नाव सैनिक मतदार म्हणून लागतं. ती गावी राहत असेल तर नेहमीची मतदार.

टपाली मतदानात घोळ होतो तो पाकिटांचा. लहान पाकिटात (१३-बी) फक्त खूण केलेली मतपत्रिका घालून ते बंद करायचं. ते पाकीट आणि अधिकाऱ्यानं साक्षांकित केलेलं प्रतिज्ञापत्र (१३-ए) मोठ्या पाकिटात (१३-सी). प्रतिज्ञापत्र चुकून लहान पाकिटात गेलं, किंवा त्यावर सही राहिली, की मत बाद. पाकिटावरच्या क्यूआर कोडवर चिकटपट्टी किंवा शिक्का येऊ देऊ नका, मोजणीच्या टेबलावर आधी तोच स्कॅन करतात. पाकीट मोजणी सुरू होण्याच्या वेळेआधी निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या हातात पडलं पाहिजे. पाकिटाला तिकीट लावावं लागत नाही.

मतपत्रिका उमेदवारी मागे घेण्याची मुदत संपल्यावरच निघते, म्हणजे हाताशी दिवस थोडे. उंचावरच्या चौकीत ना प्रिंटर, ना रोजची डाक. अशा पोस्टिंगला आमच्या मते प्रॉक्सीच बरी.

त्यासाठी नमुना १३-एफ. जवान कमांडिंग ऑफिसरसमोर सही करून तो घरी पाठवतो, मग प्रॉक्सी नोटरी किंवा प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यासमोर सही करून निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडं जमा करतो. जवान सुट्टीवर आला असेल तर दोघांनी एकाच नोटरीसमोर सह्या केल्या की झालं. उमेदवारी अर्ज भरण्याची शेवटची तारीख उलटली की त्या निवडणुकीपुरती प्रॉक्सी मिळत नाही.

प्रॉक्सी त्याच मतदारसंघात राहणारा हवा, मिरजेला, म्हणजे सांगली मतदारसंघात, दिलेली बहीण चालत नाही. मत कुणाला पडलं हे शेवटी त्यालाच ठाऊक, तेव्हा गावकीत वेगळ्या गटाचा भावकीतला माणूस नेमण्याआधी विचार करा. प्रॉक्सी नेमली की टपाली मतपत्रिका येत नाही. प्रॉक्सी रद्द करेपर्यंत ती पुढच्या निवडणुकांनाही लागू राहते, आणि रद्द करायला नमुना १३-जी.

मतदानाच्या दिवशी प्रॉक्सीच्या डाव्या हाताच्या मधल्या बोटाला शाई लागते. त्याची तर्जनी कोरी राहते, आपलं स्वतःचं मत तो वेगळं देतो. केंद्रावर कुणी हटकलं तर हेच शांतपणे सांगा.