घरात फवारणी आणि घरात गरोदर बाई: हळदीवर किती भरवसा ठेवायचा

वहिनीला तिसरा महिना लागला आणि लगेच कुणीतरी फॉरवर्ड पाठवला की रोज हळदीचं दूध प्या, फवारणीचं विष बाळाच्या मेंदूपर्यंत जाणारच नाही. आमची पऱ्हाटी (कापूस), भाऊ स्वतः पंप पाठीवर घेऊन औषध मारतो, म्हणून मी हे सगळं नीट वाचून काढलं. जे कळलं आणि घरात जे सुरू केलं ते सांगते.

भीती खोटी नाहीये. कॅलिफोर्नियातल्या सॅलिनास खोऱ्यात, शेतमजूर घरांतल्या ज्या आयांच्या लघवीत गरोदरपणी ऑर्गॅनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकांचे अंश सगळ्यात जास्त सापडले त्यांच्या पोरांचा बुद्ध्यांक ७ वर्षांचं होईपर्यंत, सगळ्यात कमी अंशवाल्यांच्या पोरांपेक्षा साधारण ७ ने कमी भरला. त्यात हे विष फोडणारं पॅरॉक्सोनेज एन्झाइम तान्ह्या बाळात आईपेक्षा कितीतरी कमी असतं.

आता हळद. हळदीतलं करक्युमिन, कांद्यातलं क्वेरसेटिन यांनी उंदरांच्या मेंदूवरचा क्लोरपायरीफॉसचा (याच गटातलं एक कीटकनाशक) मार थोडा कमी होतो असं प्रयोगांत दिसलंय. पण हळद पावडरीत करक्युमिन असतंच ३ टक्क्यांच्या आसपास आणि तेही अंगी फार लागत नाही, त्यामुळे भाजी-वरणात घाला, बिनधास्त खा, पण करक्युमिनच्या गोळ्या गरोदरपणात डॉक्टरला न विचारता नकोच. आणि भडक पिवळी सुटी हळद घेऊच नका, कधी कधी त्यात लेड क्रोमेट मिसळतात, म्हणजे मेंदू वाचवायला गेलो आणि शिसं खाल्लं. ओळखीच्या शेतकऱ्याकडून बिनपॉलिशची हळकुंडं आणून दळून घ्या.

माणसांत काही दिसलंय ते फॉलेटचं, म्हणजे गोळीतल्या फॉलिक ॲसिडचं. २०१७ च्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात कीटकनाशकाशी संबंध आलेल्या पण पहिल्या महिन्यात ८०० मायक्रोग्रॅम किंवा जास्त फॉलिक ॲसिड घेतलेल्या आयांच्या मुलांत ऑटिझमचा धोका, कमी घेणाऱ्यांपेक्षा कमी दिसला, पूर्ण गेला नाही. म्हणून गोळी दिवस राहायच्या आधीपासूनच, डोस डॉक्टर सांगतील तो. जोडीला पालक, मेथी, हरभरा, शक्यतो परसातली औषध न मारलेली भाजी.

पण खरं काम इथे आहे. भावाचा फवारणीचा शर्ट बाथरूमच्या खुंटीला असायचा, कॉलर औषधानं कडक झालेली, आणि त्याला चिकटून वहिनीची ओढणी! आता शर्ट गोठ्यातच उतरतो, भाऊ साबणानं आंघोळ करूनच घरात येतो, कपडे वेगळ्या बादलीत तोच धुतो, रबरी हातमोजे घालून, विहिरीपासून लांब. वहिनी ते कपडे शिवत पण नाही आणि नुकत्या फवारलेल्या वावरात निंदायला जात नाही. औषधाच्या बाटल्या, लाल त्रिकोणाच्या (सगळ्यात जास्त विषारी) तर नक्कीच, कुलपात, आणि रिकामा डबा पाण्याला वापरायचा नाही म्हणजे नाही.

सफरचंदासारखी फळं लिटरभर पाण्यात दोन छोटे चमचे खायचा सोडा टाकून १५ मिनिटं ठेवा, मग चोळून धुवा. वरचं बरंचसं निघतं, आत मुरलेलं निघत नाही, म्हणून साल काढा.

आणि फवारणीनंतर कुणाला लाळ सुटली, डोळ्यांतून पाणी, बाहुल्या बारीक, उलट्या असं काही झालं तर घरगुती उपाय करत बसू नका, कपडे काढून अंग साबणानं धुवा, १०८ ला फोन लावा आणि औषधाची बाटली दवाखान्यात सोबत न्या.