एचएलएवरून युरोपातली नाती कशी वाचायची

एचएलए म्हणजे 6 नंबरच्या क्रोमोसोमवरचे इम्युनिटीचे जीन्स, आणि रिसर्च पेपरमधली लोकसमूहांच्या नात्यांची ती झाडासारखी आकृती बघून लगेच "हे यांचे भाऊबंद" असं म्हणू नका, आधी किती जीन्स घेतलेत ते बघा. 2001 साली एकट्या डीआरबी1 या एचएलए जीनवरून ग्रीक लोकांना थेट सहाराखालच्या आफ्रिकेजवळ नेऊन बसवलं होतं, त्यावर जोरदार टीका झाली आणि ते टिकलं नाही. म्हणून सुटा अलील (जीनचा एक प्रकार) नको, अख्खा हॅप्लोटाइप (एकाच क्रोमोसोमवर एकत्र वारशाने येणारा अलीलांचा संच) धरा: ए1-बी8-डीआर3 आयर्लंड-ब्रिटनकडे भरपूर, ए30-बी18-डीआर3 इटलीच्या सार्डिनिया बेटावर आणि स्पेन-फ्रान्स सीमेवरच्या बास्क लोकांत. तरी घाई नको, कारण रोगराईमुळेही या प्रकारांचं प्रमाण वरखाली होतं, त्यामुळे वाय क्रोमोसोम (बापाकडून मुलाकडे जाणारा) आणि मायटोकॉन्ड्रियाचा (आईकडून येणारा डीएनए) डेटा, जमलं तर अख्खा जीनोम (सगळा डीएनए), शेजारी ठेवूनच बोला प्लीज.