चाळिशी लागली? चष्म्याच्या बाबतीत या चुका टाळा

लोकलमध्ये मोबाइल हातभर लांब धरून मेसेज वाचणारे पंचेचाळिशीचे गृहस्थ रोज दिसतात. संध्याकाळच्या गर्दीत तेवढा हात लांब करायला जागा मिळाली तर! चष्मा मात्र करायचा नसतो, कारण ‘एकदा लावला की नंबर वाढतच जातो’.

नंबर वाढतो तो वयामुळे. डोळ्यातलं भिंग जन्मभर वाढत असतं. जुन्या तंतूंवर नवे चढत जातात, जुने निघून जात नाहीत आणि भिंग कडक होत जातं. जवळचं पाहताना डोळ्यातला स्नायू आवळला की भिंग फुगीर व्हायला हवं. स्नायू आपलं काम करतो, भिंग दाद देत नाही. दहा वर्षांच्या मुलाला ७-८ सेंटिमीटरवरचंही स्पष्ट दिसतं, साठीला हे अंतर मीटरभराच्या घरात जातं. जवळचा नंबर +१ च्या आसपास सुरू होऊन साठीच्या सुमारास बहुधा +२.५ पर्यंत स्थिरावतो, चष्मा लावा की लावू नका. दोष भिंगाच्या कडकपणात असल्यामुळे डोळ्यांच्या व्यायामांनीही तो जात नाही.

डोळ्यांत घालायच्या थेंबांचंही तेच. २०२४ मध्ये मुंबईच्याच एका कंपनीच्या थेंबांचा ‘चष्म्यापासून सुटका’ म्हणून गाजावाजा झाला आणि काही दिवसांतच औषध नियंत्रकांनी परवानगी स्थगित केली. असे थेंब बाहुली लहान करून काही तास जवळचं स्पष्ट दाखवतात, भिंग होतं तेवढंच कडक राहतं.

स्टेशनबाहेरचा तयार चष्मा डोळे बिघडवत नाही. पण त्यात दोन्ही डोळ्यांना एकच नंबर असतो आणि सिलिंडर, म्हणजे तिरपा नंबर, नसतो. डोकं दुखत असेल तर कारण बहुधा तिथेच.

सगळ्यात धोक्याची चूक प्रोग्रेसिव्ह किंवा बायफोकल, म्हणजे वरून लांबचं आणि खालून जवळचं दाखवणारा चष्मा, घालून रेल्वेचा पूल उतरताना होते. नजर खाली गेली की ती काचेच्या वाचायच्या भागातून जाते, पायरी धूसर होते आणि मागून लोंढा येतच असतो. नुसते डोळे खाली नेऊ नका, हनुवटी छातीकडे घेऊन वरच्या भागातून पाहा आणि कठडा धरा. नवा चष्मा आधी घरात वापरून बघा.

असा चष्मा घालून कॉम्प्युटरसमोर हनुवटी वर करून बसावं लागतं, मान धरते? वाचन साधारण ४० सेंटिमीटरवर होतं, स्क्रीन ६०-७० वर असतो. नंबर काढायला जाताना आपलं अंतर टेपने मोजून न्या.

तांदूळ निवडताना खडे दिसेनासे झाले की लगेच नंबर बदलायला धावू नका, आधी दिवा जवळ घ्या. भरपूर उजेडात बाहुली लहान होते आणि जवळचं जास्त स्पष्ट दिसतं.

आणि साठीनंतर अचानक चष्म्याशिवाय पेपर वाचता येऊ लागला तर पेढे वाटू नका. मोतीबिंदू सुरू झाल्याचं ते लक्षण असू शकतं, कधी रक्तातली साखरही वाढलेली असते. अशा वेळी दुकानातल्या मशीनवर नंबर काढून भागत नाही. नेत्रतज्ज्ञाकडून डोळ्यांचा दाब आणि पडदाही तपासून घ्या.