गावाचा हवामान आराखडा आणि बायांचा हिशेब : कामाला बसण्याआधीची तयारी

पाऊस-दुष्काळाचा बायांवर पडणारा भार मोजून गावाच्या आराखड्यात मांडायचा, तर सगळ्यात आधी कॅलेंडर काढा. गावाचा विकास आराखडा साधारण २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून धरला जातो आणि डिसेंबर-जानेवारीपर्यंत ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवर चढवला जातो. नेमक्या याच दिवसांत, दसरा उरकला की, बीड, धाराशिव, जालना, परभणीकडच्या गावांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. त्यामुळे उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घेतलेल्या प्रत्येक घरातली एक बाई कारखान्याच्या फडावर जाते ती थेट गुढीपाडव्याच्या आसपास परत येते. पाऊस हुकला म्हणून जिला गाव सोडावं लागलं, तिला न विचारताच पाऊस हुकण्यावरचा आराखडा मंजूर होतो. यात कोणाचा डाव नसतो, फक्त तारखा तशा पडलेल्या असतात. म्हणून पाहणी, मोजमाप आणि बैठका एप्रिल ते सप्टेंबरमध्ये उरकून घ्या आणि २ ऑक्टोबरला फक्त मंजुरी ठेवा. गावातून किती कोयते जातात हा आकडा अंदाजाने लिहू नका. ऊसतोड कामगारांना दिलेल्या ओळखपत्रांची यादी ग्रामपंचायतीत मागा, ती आशाताईंच्या वहीशी ताडून पाहा आणि मग एकदा टोळी नेणाऱ्या मुकादमाला विचारा. तिन्ही आकडे वेगळे निघतात. आशाताईंचा बहुतेक वेळा खरा असतो, कारण गरोदर बाया आणि लहान लेकरं कुठे आहेत हे त्यांना ठेवावंच लागतं.

वरच्या पातळीवरची कागदपत्रं दोन दिवसांत वाचून होतात, त्यात फार अडकू नका. केंद्राचा हवामान बदलावरचा राष्ट्रीय कृती आराखडा ३० जून २००८ चा, आठ अभियानांचा. बायांवर हवामान बदलाचा फटका अधिक तीव्र बसतो, ही कबुली त्यातच आहे. त्यापुढे २०१५ च्या पॅरिस कराराच्या कलम ७ मध्ये जुळवून घेण्याची कामं स्त्री-पुरुष भेद लक्षात घेऊन व्हावीत असं लिहिलेलं आहे, आणि भारताने तो मान्य केलेला आहे. ही दोन वाक्यं प्रस्तावाच्या पहिल्या पानावर टाका, म्हणजे ‘हे बायांचं वेगळं कशाला?’ या प्रश्नावर तास जात नाही. आठांपैकी आपल्या भागाला लागू पडणारी अभियानं मुख्यतः चार : पाणी, शाश्वत शेती, हरित भारत आणि सौर. गावातली प्रत्येक मागणी या चारांपैकी कोणत्या खान्यात बसते ते समोर लिहून ठेवलं की जिल्ह्याला ती पुढे राज्याच्या आराखड्यात नेता येते. खाना नसलेली मागणी ‘इतर’मध्ये जाते आणि तिथेच राहते. हवामानाला तोंड देणाऱ्या शेतीसाठीचा राज्याचा नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प २०१८ पासून मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत आला. तुमचं गाव त्यात असेल तर तेव्हाचा गावाचा सूक्ष्म आराखडा दप्तरात असणार. तो काढून लाभार्थ्यांच्या यादीतली बायांची नावं मोजा, ती तुमची पहिली आकडेवारी.

आता मोजमाप. साधारण ४०० उंबऱ्यांच्या गावात ६० घरं पुरतात, पण ती चिठ्ठ्या टाकून निवडू नका. किमान १० घरं एकट्या बायांची घ्या, म्हणजे विधवा, परित्यक्ता आणि कर्जापायी नवऱ्याने आत्महत्या केलेल्या. १० भूमिहीन, १० ऊसतोडीची, आणि वस्ती-तांड्यावरची निदान १०. गावठाणाच्या मध्यातली घरं शेवटी. एका घराला ४० मिनिटं धरली तर दोन बाया दिवसाला पाच-पाच घरं करतात, सहा दिवसांत काम संपतं. प्रश्न विचारणारी बाई त्या वस्तीवरची नको, शेजारच्या गल्लीतलीही नको. दारूचा, सावकाराचा किंवा पिशवी काढल्याचा विषय निघाला की ओळखीच्या बाईसमोर तोंड मिटतं. पिशवीचा, म्हणजे गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियेचा प्रश्न वगळू नका. याच बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांसाठी राज्य सरकारला २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली होती. पण तो बैठकीत नाही, एकटीला, घरात कोणी नसताना विचारायचा. ‘वातावरणीय बदल’ हा मंत्रालयातला शब्द बाजूला ठेवा. ‘मृगाची पेरणी शेवटची कधी साधली?’, ‘खुरपणीचे किती दिवस मिळतात, आधी किती मिळायचे?’, ‘आड कोणत्या महिन्यात आटतो?’ असे प्रश्न विचारले की उत्तरं धडाधड येतात.

पाण्याच्या मोजमापावर मात्र सगळा जीव लावा, कारण तिथे कोणालाही वाद घालता येत नाही. मेच्या पहिल्या आठवड्यात पहाटे हापशावर किंवा टँकरच्या विहिरीवर जा. सोबत एक लिटरचं मापटं, घड्याळ आणि वही. आधी बाईची घागर मापट्याने भरून पाहा. प्लॅस्टिकची घागर साधारण १५ लिटर भरते, स्टीलचा हंडा त्याहून कमी, आणि दोन घागरींची खेप सगळ्यांनाच जमत नाही. मग जायला किती, रांगेत किती, उपसायला किती, यायला किती, अशी चार वेगळी मिनिटं लिहा. बेरीज एकदम लिहिली तर उपाय सापडत नाही. रांग लांब असेल तर तोट्या वाढवाव्या लागतात आणि चालणं लांब असेल तर टाकी जवळ आणावी लागते, ही दोन निराळी कामं आहेत. हिशेब असा होतो : टंचाईत टँकरचं पाणी माणशी २० लिटर, घरात पाच माणसं, म्हणजे १०० लिटर. १५ लिटरच्या घागरीने सात खेपा. खेपेला १८ मिनिटं धरली तरी दोन तास सहा मिनिटं. यात दावणीची म्हैस अजून आलेली नाही. उन्हाळ्यात ती ५०-६० लिटर सहज पिते, म्हणजे आणखी चार खेपा, सव्वा तास. जनावराचं पाणी कागदावर पशुसंवर्धनात जातं आणि प्रत्यक्षात त्याच बाईच्या डोक्यावर असतं. पाळीच्या दिवसांतलं धुणं-न्हाणंही २० लिटरच्या त्या हिशेबात कोणी धरलेलं नसतं. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं तेव्हा वॅगनी किती, लिटर किती हे सगळ्या देशाने मोजलं. टाकीपासून चुलीपर्यंतचं शेवटचं अंतर मोजायचं राहतं ते राहतंच. नळ आलेल्या गावातही मोजा. वीज रात्री दोनला येत असेल तर नळ रात्री दोनला सुटतो आणि तेव्हा उठतं कोण, हे वेगळं सांगायला नको.

यानंतर नावांचं काम, आणि हे सगळ्यात किचकट. अतिवृष्टीची मदत, पीकविमा, ठिबकचं अनुदान, शेततळं, सगळं सातबाऱ्यावरच्या नावावर आणि आता शेतकरी ओळख क्रमांकावर येऊन थांबतं. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या वहितीच्या खात्यांपैकी बायांच्या नावाची खाती सुमारे १४ टक्के होती. शेतात राबणाऱ्या बायांचं प्रमाण कुणीही डोळ्यांनी पाहू शकतो. २०२५ च्या सप्टेंबरातल्या अतिवृष्टीसारखा पाऊस झाला की पंचनामा होतो तो खातेदाराचा. मयत नवऱ्याचं नाव अजून सातबाऱ्यावर असलेली बाई तिथेच अडकते. म्हणून पावसाळ्याआधीच गावातली मयत खातेदारांची यादी करा. राज्याने २०२५ मध्ये जिवंत सातबारा मोहीम काढली ती याच कामाची, पण मोहिमेत सुटलेली खाती प्रत्येक गावात असतात. वारस नोंदीला मृत्यूचा दाखला, वारसांची नावं असलेला अर्ज आणि प्रतिज्ञापत्र लागतं. अर्ज तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे द्यायचा, फेरफार मंडळ अधिकारी मंजूर करतो. अडतं कुठे? दिराने ‘सामाईक राहू दे’ म्हटलं की अर्जच होत नाही. किंवा अर्ज होतो आणि त्यात सुनेऐवजी फक्त नातवाचं नाव घातलं जातं, ती अज्ञान पालनकर्ती, म्हणजे अल्पवयीन वारसाची नुसती पालक, म्हणून उरते आणि पोरगा १८ चा झाला की तेवढीही राहत नाही. वारसांच्या यादीत तिचं स्वतःचं नाव आहे का, हे अर्जावर बोट ठेवून पाहा. नवरा हयात असेल तर त्याच्या संमतीने बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावायची सोय लक्ष्मी मुक्ती योजनेत १९९२ पासून आहे. शेतकरी संघटनेच्या चळवळीतून आलेली ही गोष्ट निम्म्या गावाच्या कानावरही नसते. ई-पीक पाहणी, म्हणजे उभ्या पिकाची सरकारी नोंद, कोणाच्या मोबाईलवरून होते तेही लिहून ठेवा. फोन पोराच्या खिशात आणि पोरगा पुण्यात, असं असेल तर पाहणी राहते आणि विमा नाकारायला कारण मिळतं.

एक गफलत मोठ्या मंडळींकडूनही होते : गावातल्या सगळ्या बाया एकाच खान्यात टाकणं. आच्छादन घातलं किंवा तणनाशक मारलं की शेतमालकिणीचे खुरपणीचे दिवस वाचतात. त्याच दिवशी मजूर बाईचा रोज बुडतो. सोयाबीनच्या काढणीला यंत्र आलं तिथेही तेच. ही सुधारणा नको असं नाही, पण तिच्या शेजारी त्या मजूर बायांना पर्याय काय, रोपवाटिका की बंधाऱ्याचं काम की शेळ्या, हे त्याच ओळीत लिहिलेलं हवं. धाराशिव-लातूरकडे ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेने बायांना घरच्या जमिनीतला एकरभर तुकडा स्वतःच्या निर्णयाने पिकवायला लावला. डाळी, भाज्या, ज्वारी असं मिश्र, आधी घरच्या खाण्यापुरतं. नगदी पीक बुडालेल्या वर्षीही चूल पेटती राहते, म्हणून तो नमुना आराखड्यात मागण्यासारखा आहे. मात्र ‘तुकडा देऊ’ हे घरच्या पुरुषाने महिला सभेत नाही, ग्रामसभेत सांगितलेलं बरं.

महिला सभा ग्रामसभेच्या आधी घेणं कायद्याने बंधनकारक आहे. बऱ्याच ठिकाणी ती वहीतच होते, एका घरातून दुसऱ्या घरात सही-अंगठ्यासाठी फिरवून. खरी सभा भरवायची तर जागा मारुतीचा पार किंवा देवळाचा सभामंडप नको. पाळीतली बाई येत नाही आणि वाड्यावस्तीवरच्या काही बाया पायरी चढत नाहीत. अंगणवाडी किंवा जिल्हा परिषदेची शाळा बरी. वेळ कापूस वेचणीच्या दिवसांत रात्री आठनंतर, एरवी आठवडी बाजाराच्या दिवशी, कारण त्या दिवशी बऱ्याच गावांत मजुरी बंद असते. दवंडीवर भागवू नका, बचतगटांचं काम पाहणाऱ्या सीआरपीताईंकडून गल्लीवार निरोप द्या. लेकरं सांभाळायला एक बाई, पाण्याचा जार आणि दीड तासाच्या वर एक मिनिट नाही. खुर्च्या मुळीच मांडू नका. दहा खुर्च्या मांडल्या की त्यावर सदस्यांचे नवरे बसतात आणि बाया मागे भिंतीला टेकतात. सगळ्यांना सतरंजी. सरपंचबाईंचे यजमान ‘मी सांगतो, तिला माहीत नाही’ म्हणत उठले, तर आधी ठरवून ठेवलेली एखादी वयस्क बाई ‘दादा, तुमची सभा परवा हाय’ एवढं म्हणते आणि काम भागतं. पाहुण्या अधिकाऱ्याने ते म्हणू नये, चिघळतं.

ठराव लिहिताना ‘महिलांचे सक्षमीकरण करण्यात यावे’ हे वाक्य खोडा. त्या वाक्यावर कोणाला एक रुपया काढता येत नाही. त्याऐवजी असं : तांड्यावर १०,००० लिटरची टाकी, सहा तोट्या, पाणी सकाळी सहा ते आठ, देखभाल अमुक बचतगटाकडे, मार्चअखेर पूर्ण. प्रत्येक कामापुढे चार उत्तरं लागतात : जमीन कोणाच्या नावावर, पैसा कोणाच्या खात्यात, पाणी कधी सोडायचं ते ठरवणार कोण, आणि कोणाचं काम वाढणार. चौथा प्रश्न सगळे विसरतात. शेणखत, गांडूळखत, दशपर्णी अर्क ही सगळी हवामानाला तोंड देणारी शेती खरी, पण शेण उचलण्यापासून पाला तुडवण्यापर्यंत हात कोणाचे, हे आधी विचारा.

पैशाच्या पानाला केंद्राचीच पद्धत लावा. २००५-०६ पासून केंद्राच्या अर्थसंकल्पासोबत जेंडर बजेटचं वेगळं विवरण येतं : ‘अ’ भागात पूर्ण बायांसाठीचा खर्च, ‘ब’ भागात किमान ३० टक्के, आणि २०२४-२५ पासून ३० टक्क्यांखालचा ‘क’. गावच्या कामांना हीच अक्षरं द्या. बायकोच्या नावाने अर्ज केलेलं शेततळं ‘अ’मध्ये टाकायचा मोह होतो. वरच्या चार प्रश्नांत ते नापास झालं तर ‘क’ लिहा. ग्रामपंचायतीच्या स्वनिधीतले १० टक्के महिला-बालकल्याणाचे, पण घरपट्टी-पाणीपट्टी मिळून तीन लाख जमत असतील तर ते ३० हजार झाले, त्यावर आराखडा उभा राहत नाही. खरी रक्कम वित्त आयोगाच्या बंधित, म्हणजे ठरलेल्या कामालाच वापरायच्या, निधीत असते. पंधराव्या आयोगात ६० टक्के बंधित होते, निम्मे पाण्याला आणि निम्मे स्वच्छतेला. चालू वर्षाची विभागणी ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून, म्हणजे पूर्वीच्या ग्रामसेवकाकडून, लेखी घ्या आणि पाण्याची मोजणी त्या कागदाला टाचून जोडा.

आराखडा चढवल्यावर तीनच आकडे पाहायचे : पाण्याची मिनिटं, सातबाऱ्यावर नव्याने लागलेली बायांची नावं आणि बायांना मिळालेले कामाचे दिवस. टोळ्या परतल्या की मेमध्ये पुन्हा त्याच हापशावर, त्याच वेळी, त्याच साठ घरांपैकी निदान तीसांत मोजा. घागर बदलली की खेपा बदलतात आणि खेपा बदलल्या की पुढची सगळी मिनिटं खोटी ठरतात, म्हणून पहिल्या वर्षी मोजलेली घागर वर तारीख लिहून अंगणवाडीच्या कपाटात ठेवून द्या.